मानस

माझे वडील शिरोड्याच्या खाजनावर मानस राखायचे.
बांधातलं लाकडी दार ते, बिजागरी वरच्या अंगाला.
भरती चढली की नदीच ते दाबून मिटते,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर पडतं.
दाराला अक्कल लागत नाही, ते म्हणायचे.
राखणाऱ्याला लागते, तीही रात्री.

मी आधी काउंटरवर नोटा मोजल्या,
मग कर्जखात्यात आले.

खनिजाच्या वर्षांत घनश्याम तारीचा अर्ज
मी उभ्या उभ्या पास केला.
अर्ध्या बार्जचं कर्ज, ऐंशी लाख.
उत्पन्नाच्या रकान्यात एकच शब्द: मायनिंग.
जामीनदार त्याचा मेव्हणा,
मेव्हण्याच्या कर्जाला जामीनदार घनश्याम.
मॅनेजर म्हणाले, फॉर्म मागाहून भरू,
बोट आधी पाण्यात पडू दे.
नारळ फोडायला आम्ही सगळे गेलो होतो.
मला खुर्ची दिली होती.

खाणी थांबल्या.
पैसे बुडाले असं बोलायची पद्धत आहे,
पण ते बुडाले नाहीत, काठाला उभे आहेत,
तांबूस, एका रांगेत,
ओहोटीला त्यांचा तळ दिसतो.

मग पणजीहून परिपत्रक आलं, तीन पानी.
पुढच्या वर्षी नऊ पानी.
ठेवी मात्र थांबल्या नाहीत,
कतारहून येत राहिल्या, क्रूझवरच्या स्वयंपाकघरांतून,
दिल्लीवाल्याला विकलेल्या भाटांतून.
तिजोरीत एक नोट कमी झाली नव्हती.
मला माहीत आहे, चावी माझ्याकडे होती.
तरी गावात बोलू लागले, बँकेत पैसे नाहीत.
आणि ते खोटं बोलत नव्हते.

सुकांती गावडे आली ती याच दिवसांत.
काजू उकडायचा बॉयलर, कटर, दोन टेबलं: चार लाख.
हाताखाली सात बायका,
माल उचलायला डिचोलीचा व्यापारी तयार,
हिशेबाची वही इतकी नीट
की मी उगाच दोनदा बेरीज केली.

एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं.
भाटकार लिस्बनला वारला,
हिची आजेसासू तेव्हा पोरगी होती.
गहाणाला नवऱ्याची सही हवी,
नवरा जहाजावर, जहाज ब्राझीलच्या बाजूला.
स्कोअर: उणे एक.
म्हणजे तिनं कधी कुणाचं बुडवलं नाही,
कारण कधी कुणी दिलंच नाही.

नऊ पानांत कुठेही 'नाही' हा शब्द नव्हता.
तो मला माझ्या तोंडानं म्हणावा लागला.

ती उठली नाही.
हातातल्या पाटल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या.
पेडणेकर सराफ आठवड्यातून दोनदा येतो,
तो नेमका आतच होता.
घासलं, तोललं, आतली लाख वजा केली.
वीस मिनिटांत एक लाख दहा हजार.
शाखेचं कर्जवाटप त्या वर्षी अकरा टक्क्यांनी वाढलं,
वार्षिक सभेत टाळ्या पडल्या.
त्या अकरांत तिच्या पाटल्याही होत्या,
बॉयलर नव्हता.

"ह्याला घोवाची सही नको?"
नको.
"पाटल्या कुणाच्या, तेंय विचारीनात?"
नाही विचारत, मी म्हणाले.

रिकामे मनगट तिनं पदराखाली घेतले,
दोन कटर येतील, म्हणाली, बाकीचं मागीर बघू.
माझ्या हातातलं पेन अजून उघडंच होतं.
दारापर्यंत गेली आणि परत फिरली.
पहिला फॉर्म मागितला,
तो नामंजूर झालेला.
"पाठ कोरी आसा," ती म्हणाली,
"हिशेबाक जाता."