दशा

हिंदमाताच्या मागच्या गल्लीत
शेवंताबाई पडवळांचं फॉल-पिकोचं दुकान.
साडी हातात आली की आधी काठ उलटून बघतात,
मग चष्म्यावरून मला:
"टोक आहे की फाटलंय?"

मी म्हणाले, टोक.
"मग नियाजकडे कशाला नेतेस? रफू नको याला.
दशा सुटल्यात नुसत्या."
क्षणभर वाटलं, माझ्याबद्दलच बोलतायत.

परळला, पाचव्या मजल्यावर,
याच प्रश्नापाशी चार वर्षं बसलेय मी.

पेशीला डीएनएचा तुटका धागा दिसला
की राहवत नाही.
तिची दुरुस्तीची माणसं
(प्रथिनं आहेत, पण रात्री अडीचला मला माणसंच वाटतात)
धावत येतात, सापडेल ते सापडेल त्याला जोडतात.
मधेच कुठे तुटलं असेल तर पुण्य लागेल त्यांना.
पण गुणसूत्र कुठेतरी संपतंही.
त्या संपण्याला तुटणं समजून
दोन टोकं एकमेकांना शिवली,
तर पेशी दुभंगताना ओढ दोन्हीकडून बसते
आणि मग खरोखरच फाटतं.

म्हणून टोकाला एकच ओळ, हजार हजार वेळा,
टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी,
गुरख्याची काठी रात्रभर आपटावी तशी.
अर्थ एवढाच की कुणीतरी जागं आहे.
आणि अगदी शेवटचा धागा मागे वळवून
आत खोचलेला, निऱ्या खोचाव्यात तसा.

नक्कल करायची वेळ आली की मात्र
खोचलेलं सोडावंच लागतं.
नकलेचं यंत्र टोकाजवळ येतं आणि
जीजीजीत अडखळतं;
धागा स्वतःच स्वतःला गाठ मारून बसलेला.
तेव्हा त्या उघड्या टोकाशी कोण येतं?
तेच.
ज्यांना एरवी इथे पाऊल टाकायची बंदी.
बीआरसीए-टू, आणि ज्याला आमचे सुदाम मोहिते,
फ्रीझरची किल्ली ज्यांच्या कमरेला,
नुसतं "एक्कावन्न" म्हणतात, बसचा नंबर सांगावा तसं.
ती येतात आणि जोडत नाहीत काही.
धरून ठेवतात.
यंत्र पुन्हा चालू लागेपर्यंत.

मार्चमध्ये मी त्यांतलं एक काढून घेतलं पेशींतून.
टोकांवरचे लाल ठिपके, एरवी एकेक, नीट कुंकवासारखे,
कुठे दोन-दोन झाले, कुठे विस्कटले, कुठे दिसेचनात.
बाराशे टोकं मोजली. अंगठ्याला घट्टा पडला.
पहाटे खाली उतरले तर फुटपाथवर
गावांहून आलेल्या पेशंटांची माणसं,
चटया, स्टोव्ह, एक्स-रेची मोठ्ठी पाकिटं उशाला.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किती वाजले, ताई?"
साडेपाच, म्हटलं.
त्याला देण्यासारखं तेवढंच होतं माझ्याकडे.
बाकी ठिपके.

तर, पिको.
मशीन पदराच्या कोपऱ्याशी आलं आणि अडकलं.
जरीचा भाग जाड, कापड सुईखाली गोळा होऊ लागलं.
शेवंताबाईंनी पाय उचलला पायट्यावरून,
ओढलं नाही, कात्री घेतली नाही,
फक्त हाक मारली, "नियाज!"

शेजारच्या ओट्यावरून रफूवाला उठला,
कुणाच्या तरी कोटाचं भोक तसंच टाकून.
सुई ओठांत.
त्यानं पदर दोन्ही हातांनी ताणून धरला,
मशीन चाललं,
कोपरा वळला, काठ पुरा झाला.
तो परत जाऊन बसला.
सुई अजून ओठांतच, दोरा हलत होता वाऱ्यानं.

"साठ झाले," शेवंताबाई म्हणाल्या.
आणि त्यांचे?
"त्याचे कसले? त्यानं कुठे काय शिवलं?"