बार्शी रोड, दुसरा मजला

खालची पाटी 'त्वचा व केस'ची आहे, हे बरं.
जिन्यात कुणी भेटलं तर डोक्यावरून हात फिरवतो,
गळायलेत, म्हणतो. लोक हळहळतात.
केसांसाठी माणूस लातुरात उजळ माथ्यानं डॉक्टरकडं जातो.

वर सबीहा मॅडम. पाण्याचा तांब्या.
घड्याळ आहे, पण माझ्या पाठीमागं.
पहिल्याच दिवशी विचारलं, झोप कशी आहे?
साठ टक्के, म्हटलं.
त्यांनी लिहून घेतलं नाही.
जरा लागलंच मनाला. मी आकडा सांगितला की
या शहरात माणसं लिहून घेतात.

अकरा वर्षं केमिस्ट्री.
पहाटे पाचची बॅच, सातची, मग दिवसभर, मग रात्रीची डाउट्सची.
एका हॉलात एकशे ऐंशी पोरं –
उदगीरची, पाथरीची, पार किनवटची,
मेसच्या वरणाचा वास अंगाला.
मागच्या महिन्यात फळ्यावर 'सोडियम' लिहिलं
आणि पुढं काहीच नव्हतं.
पुसलेला फळासुद्धा नाही,
फळ्यामागची भिंत.
चार मिनिटं उभा होतो खडू धरून.
पोरांना वाटलं, महत्त्वाचं असणार.
एकानं वहीत लिहिलं: इथं सर थांबतात.
मागून आवाज आला,
सर, हे परीक्षेला येतंय का?

मॅडम हसल्या नाहीत. मी हसलो.
हसता हसता चष्मा काढावा लागला.

त्यांच्या खिडकीतून समोर मीच दिसतो.
वीस बाय दहा, हाताची घडी घालून,
मागं पोरांचे फोटो, निवडून ठेवलेल्या डाळीसारखे.
पडदा ओढू का?
नको. त्याच्याकडं पाठ करायची भीती वाटते.
कामून?

हे 'कामून' त्यांच्या तोंडून निसटलं.
तीन भेटी पुस्तकातलं बोलत होत्या त्या,
आणि हे थेट परभणीकडचं, घरचं.
मी पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकलो.

मग टायट्रेशनचं सांगितलं.
वरून थेंब थेंब सोडायचं,
खालचं पात्र हलवत राहायचं.
किती तरी वेळ काहीच होत नाही,
पाणी आपलं पाण्यासारखं.
मग एक थेंब. इतरांएवढाच. मोठा नाही, कडू नाही.
आणि सगळं गुलाबी.
पोरं विचारतात, शेवटच्या थेंबात काय असतं सर?
काही नसतं रे. आधीचे मोजा.

हे मी माझ्याच तोंडून ऐकलं,
समोर बॅच नसताना.

गृहपाठ मिळाला:
आठवड्यातून एक काम असं करा, ज्याचा निकाल लागत नाही.
पहिल्या आठवड्यात नापास.
दुसऱ्यात, नवव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा
मोटार लावून गच्चीवर बसलो.
टाकी भरत जाते तसा पाण्याचा आवाज बारीक होत जातो.
बेचाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.
फिजिक्सच्या निटुरे सरांना कारण ठाऊक असणार.
विचारलं नाही.

निकाल लागला, फ्लेक्स बदलला.
भागीदार म्हणाला, नवा फोटो काढू, सूट घालून.
म्हटलं, यंदा पोरांचेच राहू द्या.
तो माझ्याकडं असा बघायला लागला
की मीही एकदा केसांवरून हात फिरवला.

परवा औशाकडं निघालो होतो.
रस्त्याकडंच्या कडब्याच्या गंजीवर मी.
उलटा, घडी तशीच, कोपऱ्यांना दगड बांधलेले,
एका बाजूनं खाली लोंबलेला.
त्या पट्टीभर सावलीत एक शेळी,
डोळे मिटून, जबडा संथ चाललेला.
गाडी कडेला घेतली. उतरलो.
आत फोन वाजायला लागला.

तिनं एक कान हलवला.