पत्र्याची दुसरी बाजू

एकोणतीस वर्षं धावफलकाच्या मागे उभा आहे मी.
बर्बीसचं मैदान, पलीकडे ऊस.
मळा पेटवला की काळी राख उडत येते
आणि पांढऱ्या कपड्यांवर बसते, दोन्ही संघांच्या.

नावं मीच रंगवतो,
काळ्या पत्र्यावर पांढरी, खिळ्याला टांगायची.
फिंडलेचा पत्रा रंगवला तेव्हा तो सतरा वर्षांचा.
शेवटचं अक्षर जरा तिरकं गेलं, तसंच राहिलं.

मार्चमध्ये तो शिडीखाली आला.
"अंकल, नाव बदललंय. इद्रीस."
का, ते मी विचारलं नाही. पेपरवाल्यांनी विचारलं;
त्यांना म्हणाला, नव्या चेंडूबद्दल विचारा.
क्लबाकडे नव्या पत्र्याचे पैसे नव्हते,
जुनाच उलटा केला.
अक्षरं कमी, रंग उरला.

धावत सुटण्याआधी तो छातीवर क्रूस काढायचा.
आता हात अर्ध्यापर्यंत येतो,
थबकतो,
कपाळावरचा घाम पुसून खाली जातो.
सोळा पावलं. चेंडू तोच,
ऑफ स्टंपच्या बोटभर बाहेर.

रोज्यांच्या दिवसांत पाणी आलं की तो सीमेवर येतो,
फलकाच्या सावलीत,
बुटाची नाडी सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो.
मी माझी बाटली पाठीमागे धरतो.
"प्या हो अंकल," तो म्हणतो, "तहान माझी आहे."

त्याची आई, मिस आयोना, फलकाखाली
आल्याची बिअर विकते.
चष्मा विसरल्यासारखं करून विचारते,
"वर काय लिहिलंय रे?"
"सहा बाद एकशे बारा."
"ते नव्हे."
मग बऱ्याच वेळाने, बाटल्या मोजता मोजता :
"फिंडले हे मळ्याच्या मालकाचं नाव, मला का ठाऊक नाही?
ह्याच्या खापरपणज्याला त्याच नावाने विकलं, विकत घेतलं.
पण अकरा शर्टांच्या कॉलरीत
मी ते सुईने घातलंय.
माझा टाका आहे त्यात."

मी काय बोलणार.
माझे पणजोबा रामजतन कलकत्त्याला जहाजात चढले,
इथे उतरले ते रॅमजॅटन.
कारकुनाला घाई होती.
आम्हाला कोणी विचारलंच नाही. आणि हा पोरगा
आपल्या पायांनी चालत आला शिडीपाशी.

काल चहापानानंतर समुद्रावरून वारा सुटला,
पत्रा खिळ्यावर गरकन फिरला.
एक अख्खं षटक जुनं नाव मैदानाकडे बघत राहिलं
आणि कोणी काही म्हणालं नाही.
चौथ्या चेंडूवर मधली यष्टी उडाली.
हात उंचावून तो फलकाकडे वळला,
वाचलं,
मग खाली खोक्यांकडे पाहिलं.
ती उभी होती. चष्मा लावून.

बळींचा आकडा बदलायला मला चढायचंच होतं.
पायऱ्या नऊ.
जरा सावकाश चढलो.