खाच

रिंकच्या मागे, भट्टीच्या खोलीला लागून
माझं धार लावायचं टेबल. एकतीस वर्षं झाली.
स्केट्स येतात माझ्याकडे, पाय येत नाहीत,
तरी पात्याची झीज बघून सांगतो मी
कोण डावीकडे वळायला भितो,
कोणाचं आजकाल जेवणाकडे लक्ष नाही.

सस्कॅचेवान, जानेवारी, उणे चौतीस.
शहरातून माणूस आलाय, वही घेऊन.
कपडे बदलायच्या खोलीत त्यानं भिंतीला टेप चिकटवली,
मधोमध वजनकाटा ठेवला.
पोरं मोज्यांवर रांगेत.

ब्रेट स्टिंका. सोळा वर्षं, सहा फूट तीन.
दारातून आडवा होऊन निघतो.
वहीवाला हसला.

मग डॅरियन लारिव्हिएर.
पाच फूट पाच, तेही टाचा किंचित उचलून.
सकाळपासून पोटात लिटरभर पाणी ढोसलंय, मला माहितीय,
आणि चड्डीत एक पक लपवलाय, तेही.
पकाचं वजन सहा औंस.
सहा औंसांनी माणूस कितीसा मोठा होतो?
वहीवाल्यानं आकडा लिहिला.
मान वर केली नाही.

बाहेर नेस्टर प्रोकोप बर्फावर यंत्र फिरवत होता.
सहा फूट पाच.
त्याच्या वेळेला काट्यावर चढला की प्रशिक्षक टाळ्या वाजवायचे.
नेस्टरला खेळता येतं का, हे कुणी विचारलंच नाही.
काम एवढंच: ऊठ, जा, त्या अमक्याला ठोक,
येऊन शिक्षेच्या बाकावर बस.
आता तसली माणसं कुणी पाळत नाही.
उजवी मूठ त्याची पूर्ण मिटत नाही,
कॉफीचा कप तो दोन्ही हातांत धरतो,
तान्ह्यानं वाटी धरावी तसा.
"या अंगानं मला नोकरी दिली," एकदा म्हणाला,
"आणि पेन्शनही तेच देतंय,
रोज सकाळी, गुडघ्यात."

तिसऱ्या सत्रात पक कोपऱ्यात अडकला.
स्टिंका आणि डॅरियन, दोघंच.
फळीवर अशी धडक
की माझ्या डब्यातले स्क्रू खुळखुळले.
स्टिंकाला वाटलं, चिकटवला भिंतीला.
पण भिंतीशी कुणी नव्हतंच.
फाटकाखालून मांजर निघावं
तसं ते पोरगं काखेखालून निघालं, पक घेऊन.
बाकांवरून आरोळी उठली.
वहीवाला खिशात पेन चाचपायला लागला.

गोष्ट इथं थांबवली असती तर बरी दिसली असती.

पुढच्या पाळीत, मध्यरेषेवर, साधाच धक्का.
गळ्याजवळचं हाड मोडलं.
पोराच्या तोंडून आवाजही नाही,
फक्त एक हातमोजा बर्फावर राहिला,
तो नेस्टरनं उचलून आणला.
आई, मॉरीन, ट्रक चालूच ठेवून उभी होती;
या थंडीत इंजिन बंद करून चालत नाही.

कॉफीच्या टेबलावर अजून तोच वाद:
अंगकाठी लागते का आता, की नुसते पाय आणि नजर?
कुणी म्हणतं, गेले ते दिवस.
कुणी म्हणतं, कोपऱ्यात जाऊन बघ म्हणजे कळेल.
मला विचारतात. मी दगडाबद्दल बोलतो.

पातं रुंदीला जेमतेम तीन मिलिमीटर,
मधून खाच, दोन्ही अंगांना धार.
स्टिंका असो, नेस्टर असो,
सगळा ऐवज तेवढ्यावरच तोललेला.
पण जड माणूस आपल्या भारानंच बर्फात रुततो.
त्याला खाच उथळ द्यायची, खोल दिली तर अडखळेल.
हलक्याला बर्फ दाद देत नाही.
त्याची खाच खोल घ्यावी लागते,
दगड पुन्हा पुन्हा टोकरून,
नाहीतर ऐन वळणावर पाय सुटतो.

मार्चअखेरीस मॉरीन स्केट्स घेऊन आली.
शहरातून पत्र आलं का, मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
"वाढला का काही?"
"अर्धा इंच," ती म्हणाली. "तो म्हणतो, पाऊण."

मी पातं पुसलं, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली,
आणि दगड होता तसाच ठेवला.