उजव्या बाजूने

सात महिने खोगीर खुंटीवर होतं.
रुझार अधूनमधून तेल लावायचा,
चोपड्यात बुरशी कशालाच सोडत नाही.

आज त्याने तीन चिरे रचून ठेवलेत
पायरी म्हणून.
मी रागावले नाही.

डॉक्टर म्हणाले होते, चाला, पोहा, बागकाम करा.
घोड्याचं मी विचारलंच नाही.

जन्मभर डावीकडून चढले.
आता डावा खुबा धातूचा,
म्हणून उजवीकडून.
घोड्याने मान वळवून पाहिलं,
ही कोण, मागच्या दाराने शिरणारी?

पाय ओलांडताना मधेच अडकले,
धड जमिनीची नाही, धड त्याची नाही.
रुझार मुद्दाम
नदीतल्या होडीकडे बघत राहिला.

मग मांड बसली.
आणि काहीच दुखलं नाही.
नऊ वर्षं जिथे कळ राहायची
तिथे कुलूप लावलेल्या खोलीसारखं गप्प.

दोन पावलांवर घोडा किंचित डावीकडे झुकला,
पूर्वी झुकायचा तसा,
माझ्या दुखण्याला जागा करून देत.

अरे, गेलं ते, मी म्हटलं.
बांबोळीलाच ठेवून आले.

तो कुठला ऐकतोय.
मानशीपर्यंत बांधावरून तसेच गेलो,
थोडे तिरके.