नऊशे हात

मुहर्रकच्या पश्चिमेला, वाळू घट्ट होते तिथे
तंबू ठोकला. एक दुर्बीण, पेटीतली घड्याळं तीन,
आणि चौथा मी, साहेबाचा मोजणारा.
तो गुरूच्या चंद्राला डोळा लावी,
मी घड्याळाला कान,
सेकंद मोठ्याने म्हणत.
एकोणचाळीस की एकोणपन्नास, साहेबाचा घोळ व्हायचा;
तेवढे दोन आकडे मी ओरडून म्हणे.

हिशेब तसा साधा. चंद्र गुरूच्या सावलीत बुडतो
तो सगळ्या जगाला एकाच क्षणी.
तेव्हा कुणाच्या घड्याळात किती वाजले
यावरून कोण कुठे उभा, ते ठरतं.
देवगडला इथल्याहून पावणेचार घटका अधिक रात्र.
म्हणजे बायको निजली असेल,
किंवा नसेल. ते गणितात येत नाही.

माझा बाप लग्नघरी घटिकापात्र राखायचा.
तांब्याची वाटी, बुडाशी सुईएवढं भोक,
घंगाळात सावकाश भरायची
आणि एकदम, काही न बोलता, खाली.

घानिम शेजारच्या झावळ्यांच्या खोपटातला, पाणबुड्या.
एक कान समुद्राने नेला, दुसरा अर्धा,
म्हणून माझ्या ओठांकडे बघत बसायचा.
त्या रात्री धूळ निवलेली, काचेवर दव.
मी मोजायला लागलो आणि त्याने श्वास धरला,
नुसता खेळ म्हणून.
पहिलं मिनिट सरलं. दुसरं.
एकावन्न. बावन्न.
मानेची शीर दोरखंडासारखी,
आणि हा वर येईना.
माझी जीभ अडली. एक ठोका रिकामा गेला.
"गेला!" साहेब ओरडला.
मी म्हणालो, त्रेपन्न.
होते चोपन्न.

घानिमने फुस्सकन श्वास सोडला, हसला.
साहेबाने त्रेपन्न लिहिलं, वर रेती भुरभुरली.

एक सेकंद म्हणजे इथे नऊशे हात,
सकाळी काठीने वाळूत मांडून पाहिलं.
साहेब म्हणतो, हा चंद्र फुंकलेल्या दिव्यासारखा विझत नाही,
दहा सेकंद इकडे तिकडे व्हायचेच.
असेल.
पण कागदावर घानिमचं घर आता पाण्यात आहे,
चूल, चटई, दावणीच्या बकरीसकट.

न राहवून त्याला सांगितलं,
थोडं बोलून, बरंचसं हातांनी.
त्याने वाळूतल्या आकड्यांवर पाय ठेवला
आणि म्हणाला, बरोबर लिहिलंय.
उन्हाळाभर मी असतो कुठे?