पाळण्याचं वजन

सोंगकोलच्या कुरणापर्यंत विजेचे खांब आलेच नाहीत.
खाली दरीतच थांबले,
बहुधा धाप लागली असावी.
मी नारीनच्या बाजारात तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले.
आता बारीक स्क्रू दिसत नाहीत,
म्हणून उन्हाळाभर बहिणीच्या मेंढ्या मोजतो.

भाचा उलान मॉस्कोत. हिवाळ्यात बर्फ उपसतो.
उन्हाळ्यात काय उपसतो, सांगत नाही.
इथे त्याची बायको बेगायम,
आणि पाळण्यात तिलेक, चार महिन्यांचा,
पट्ट्यांनी बांधलेला,
देह टोपीएवढा, आवाज घोड्याएवढा.

मोबाईल आठवड्यातून एकदा घोड्यावरून खाली जायचा,
भरून निघायचा
आणि वर पोचेतो थंडीनं अर्धा व्हायचा.

म्हणून मी एका फुटक्या लाऊडस्पीकरचा लोहचुंबक काढला,
पाळण्याच्या तळाला बसवला.
खालच्या फळीत तांब्याच्या तारेचे सातशे वेढे.
मोजताना दोनदा चुकलो.
बहीण ऊलकान म्हणाली, लेकराखाली लोखंड?
म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून उशाखाली सुरी ठेवतेसच ना,
हे तिचंच भावंड समज.

तासभर झोके, चार मिनिटं बोलणं.
हिशेब माझा, आणि बरोबर निघाला.
त्या उन्हाळ्यात पोराचं रडणं आमच्या सोयीचं होतं.
मग बेगायम टेकडीवर पळे,
जिथे एक काडी रेंज मिळते,
आणि चारातलं एक मिनिट दम खाण्यात जाई.
काय बोलायची? वारा इकडचा असला की ऐकू येई:
घोडीला शिंगरू झालं. पांढऱ्या पायाचं.
तुझ्याकडे पाऊस आहे का.
मग नुसता श्वास.
मी खाली चरफडे, अगं बोल, वीस झोके गेले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
मोबाईल जोडला की पाळणा जड होतो.
फार नाही,
मागून कुणी सदऱ्याचं टोक धरावं, इतकाच.
फुकट काही येत नाही, हाताकडून वसूल होतं.
आणि मोबाईल भरला की पाळणा सुटतो, हलका.
मला वाटायचं, हे फक्त मला ठाऊक आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तिलेक चालू लागला.
चालू लागला म्हणजे पळूच, थेट तळ्याकडे.
रात्री ओंडक्यासारखा झोपे. पाळणा भिंतीशी.
रिकामा पाळणा हलवू नये, असं आमच्यात म्हणतात.
तुमच्यातही म्हणत असतील.
तीन आठवडे टेकडीवर कुणी गेलं नाही.

मग एका दुपारी बेगायमनं
मेंढ्यांना चाटायला ठेवतात तो मिठाचा दगड उचलला,
पाळण्यात निजवला, पट्टे आवळले.
जिभांनी चाटून चाटून त्याला एका बाजूला खळी पडलेली.
मी म्हटलं, कुणावर गेलाय?
ती हसली नाही. झुलवत राहिली.
ऊलकान दारात होती, हातात दुधाची बादली.
तिनं पाहिलं
आणि बादली घेऊन आली तशी परत गेली.

त्या रात्री करकर ऐकून मला जाग आली.
वाटलं, बेगायम.
पण ती पोराला कुशीत घेऊन झोपलेली.
अंधारात ऊलकान बसली होती,
एक हात पाळण्याच्या दांड्यावर,
मिठाला झुलवत. अंगाई नाही, काही नाही.
आणि मला आठवलं,
त्या चार मिनिटांत कधीच
फोन तिच्या कानापर्यंत आला नव्हता.
सून वर बोले,
ही टेकडीखाली शेणाच्या गोवऱ्या उलट्यापालट्या करत राही,
वाळलेल्यासुद्धा.

झोपलं का मीठ, मी विचारलं.
उत्तर नाही.

तळं करडं व्हायला लागलं तेव्हा तिचा हात थांबला.
तिनं आणखी एक झोका दिला, पारखून,
भाकरीचं पीठ पारखावं तसा.
'हलका झाला,' म्हणाली,
आणि बुटात पाय घालू लागली.

मॉस्कोत अजून मध्यरात्र असेल,
हे मी तिला सांगितलं नाही.